मुंबईत बांधलेला 'उंट': नेव्हीने व्यापारी जहाज रसद वाहायला का घेतलं असेल?

सिडनीकर_सई

नमस्कार मंडळी. आजवर मी नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या रविवारी भारतातून पाहुणे आलेले, मग नेहमीचं दर्शन: ऑपेरा हाऊस, बोटॅनिकल गार्डन आणि शेवटी मिसेस मॅक्वारीज चेअर. म्हणजे १८१० मध्ये इथल्या ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नर मॅक्वारीच्या बायकोसाठी खडकात कोरलेला बाक. तिथे बसून आमच्या काकांनी विचारलं, "ही बाई इथे आली कशाने?" मी म्हटलं जहाजाने. "ते कळलं गं, पण कुठल्या?" मला काय माहीत! आमच्या काकांना उत्तर नाही मिळालं तर जेवण जात नाही, म्हणून रात्री शोधत बसले आणि जे सापडलं त्याने माझीच झोप उडाली.

जहाजाचं नाव एचएमएस ड्रोमेडरी. ब्रिटिश नेव्हीचं मालवाहू जहाज, म्हणजे स्टोअरशिप. पण ते मुळात नेव्हीचं नव्हतंच! १७९९ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं व्यापारी जहाज, मूळ नाव 'कैखुश्रू'. १८०५ मध्ये ॲडमिरल पेल्यूने ते विकत घेतलं, नाव ठेवलं 'हाऊ', चाळीस तोफांची फ्रिगेट (चपळ लढाऊ जहाज) केली. वर्षभरात ॲडमिरल्टीने (नेव्हीच्या लंडनच्या मुख्य कार्यालयाने) तोफा कमी करून २४ वर आणल्या, पुन्हा नाव बदललं आणि रसद वाहायला लावलं. १८०९ मध्ये त्याच जहाजातून मॅक्वारी नवरा-बायको सिडनीला आले.

आता माझे प्रश्न. एवढं मोठं आरमार, स्वतःच्या एवढ्या गोद्या, मग दुसऱ्याचं वापरलेलं जहाज कशाला घ्यायचं? स्टोअरशिपवर नक्की असायचं काय? आणि मुंबईत या कैखुश्रूची काही आठवण उरलीय का, कोणाला माहितीये?

मालवणी_तिखट

ड्रोमेडरी म्हणजे एका वशिंडाचा उंट ना? लढाऊ आरमारात जहाजाचं नाव उंट??

कोपऱ्यातला

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दर्यावर्दी

मालवणी, नुसता ड्रोमेडरी नाही, 'कॅमल' पण होतं. 'बफेलो' पण होतं. ओझी वाहणारी जनावरं सगळी ओझी वाहणाऱ्या जहाजांना. त्या काळात एखाद्या खलाशाला विचारलं की कुठे लागली नोकरी, तर बिचारा सांगणार काय, "रेड्यावर".

सई, धागा झकास. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जहाजाच्या पोटात आहे. लढाऊ जहाज आणि व्यापारी जहाज दोन्हीला तीन डोलकाठ्या, लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण खालून फार वेगळी. फ्रिगेटचा तळ निमुळता, कारण तिला पळायचंय, पाठलाग करायचाय. आत जागा थोडी आणि त्या जागेत माणसं, तोफा, गोळे, दारू. व्यापारी जहाजाचा तळ सपाट आणि पोट फुगलेलं, कारण मालकाला प्रत्येक टनाचं भाडं मिळतं. वेग थोडा कमी चालेल पण पिंपं मावली पाहिजेत. आता नेव्हीला रसद पाठवायची असेल तर असं पोटाळू जहाज आयतं मिळत असताना नवीन कोण बांधेल? गोद्या होत्या, पण त्या ७४ तोफांची जहाजं बांधण्यात आणि फुटलेली दुरुस्त करण्यात गुंतलेल्या. १८०३ च्या मे महिन्यात फ्रान्सशी पुन्हा लढाई जुंपली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नेव्हीने भारतात बांधलेली बरीच मोठी व्यापारी जहाजं उचलली. कैखुश्रू त्यातलंच एक.

आणि ही पद्धत जुनीच. कुकचं एन्डेव्हर म्हणजे व्हिटबीचं कोळसा वाहणारं जहाज, १७६८ मध्ये विकत घेतलेलं. पहिले कैदी ऑस्ट्रेलियात आणणाऱ्या ताफ्याचं सिरियस आधी बर्विक नावाचं व्यापारी जहाज होतं, नेव्हीने घेऊन सामान वाहायला वापरलं, मग १७८६ मध्ये नाव बदललं. बाउंटी पण आधी बेथिया नावाने धंदा करत होतं.

नाना_पण_फडणवीस_नाही

म्हणजे मॅक्वारी साहेब उंटावरून शेळ्या हाकायला ऑस्ट्रेलियाला गेले म्हणायचे! ॲडमिरल्टीने आपला वाक्प्रचार फारच मनावर घेतलेला दिसतो.

सिडनीकर_सई

हाहाहा नाना! शेळ्या नाही पण मेंढ्या भरपूर मिळाल्या त्यांना इथे.

गोदीतला_बाबू

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, स्टोअरशिपवर काय असायचं. जरा हिशोब करूया, मला हिशोबाची खोड आहे (आयुष्य स्टोअर्स डिपार्टमेंटमध्ये गेलं).

त्या वेळच्या ब्रिटिश खलाशाचा आठवड्याचा ठरलेला शिधा: सात पौंड बिस्कीट, चार पौंड खारवलेलं गोमांस, दोन पौंड डुकराचं मांस, वाटाणे, ओटचं पीठ, थोडी साखर, लोणी, चीज, आणि रोजची एक गॅलन बीअर. बीअर टिकत नाही म्हणून दूरच्या समुद्रात तिच्याऐवजी रम. आता ७४ तोफांच्या एका जहाजावर साधारण ६०० माणसं धरा. एका आठवड्याचं बिस्कीटच झालं ४,२०० पौंड, म्हणजे जवळपास १.९ टन. मांस ३,६०० पौंड. तीन महिन्यांचं नुसतं बिस्कीट २५ टनांच्या आसपास, मांस २१ टन, आणि ते मीठ-पाणी-पिंप यांचं वजन सोडून! हे एका जहाजाचं. ताफ्यात अशी दहा-पंधरा असतील तर? वर पाणी, सरपण, दोरखंड, शिडाचं कापड, नांगर, तोफेची दारू.

लोकांना वाटतं आरमार तोफांवर चालतं. आरमार पिंपांवर चालतं हो. आणि पिंप गळलं की सगळं मुसळ केरात, म्हणून पिंपं बांधणारा माणूस जहाजावर असायचाच. आमच्याकडे सुद्धा माल आला तेव्हा किती होता आणि उघडला तेव्हा किती निघाला यावरून इतकी भांडणं पाहिलीत की त्या काळच्या स्टोअरकीपरबद्दल मला आतून माया वाटते.

अजून एक. अशा जहाजावर मोठा कॅप्टन नेमायची पद्धत नव्हती. बहुतेक वेळा 'मास्टर' असायचा, म्हणजे जहाज हाकण्यात तरबेज पण मानाने खालचा माणूस. शौर्य गाजवायची संधी नाही, लुटीतला वाटा नाही. लायनीत नाव नाही पण काम सगळं याच्यावर.

कोपऱ्यातला

बाबू, शेवटची दोन वाक्यं वाचून आमच्या ऑफिसातल्या ॲडमिनच्या माणसाची आठवण झाली.

शंकासूर

दर्यावर्दी, एक शंका. तुम्ही म्हणता व्यापारी पोट लढाईला बरं नाही. मग पेल्यूने चाळीस तोफांची फ्रिगेट कशी काय केली? एक तर तो येडा किंवा तुमचं म्हणणं अर्धवट.

दर्यावर्दी

शंकासूर, येडा नव्हता, घाईत होता. पेल्यू तेव्हा हिंदी महासागरातल्या ब्रिटिश आरमाराचा प्रमुख. फ्रेंच लोक मॉरिशसला तळ ठोकून बसलेले आणि तिथून निघून कंपनीची मालाची जहाजं पकडायचे. त्याला फ्रिगेटा हव्या होत्या, त्या इंग्लंडहून मागवायच्या तर सहा-सात महिने. मुंबईत मजबूत सागवानी जहाज उभं आहे, घाला तोफा. पण ते इंग्लंडला पोचल्यावर तिथल्या लोकांनी शांतपणे पाहिलं आणि ठरवलं की हिचं खरं काम दुसरं. तेव्हा घेतलेल्या इतर अनेक जहाजांचंही हेच झालं: लढायला घेतली आणि वाहायला लावली. लग्नात हौसेने घेतलेली शेरवानी नंतर पोरांच्या गॅदरिंगला शिवाजी महाराजांच्या सरदारासाठी वापरतात, तसं.

शंकासूर

शेरवानी पटली. म्हणणं मागे घेतो, पण सध्यापुरतंच.

इतिहासखोर

या धाग्यावर कोणी मुख्य गोष्ट सांगितलीच नाही! हे जहाज 'हाऊ' नावाने इंग्लंडला गेलं ते कोणाला घेऊन गेलं? १८०५ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड वेलस्लीला घेऊन! गव्हर्नर जनरल वेलस्ली, ज्याच्या काळात वसईचा तह झाला (३१ डिसेंबर १८०२), ज्याने १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी लढाई मांडली, तो माणूस परत बोलावला गेला आणि घरी गेला आपल्या मुंबईच्या सागवानात बसून. कप्तान होता जॉर्ज कॉकबर्न.

म्हणजे बघा, दुसऱ्या बाजीरावाला ज्याने कागदावर बांधून टाकलं त्याला...

नाना_पण_फडणवीस_नाही

खोरभाऊ थांबा. या धाग्याचं पानिपत करू नका. वसईच्या तहावर तुमचे आधीचेच दोन धागे अजून चालू आहेत.

इतिहासखोर

ठीक आहे, थांबतो. पण सत्य कटू असतं.

सिडनीकर_सई

बापरे, वेलस्लीचं मला माहीतच नव्हतं! थँक यू इतिहासखोर. एकाच जहाजात आधी वेलस्ली, चार वर्षांनी मॅक्वारी. आणि मॅक्वारीचा पण मुंबईशी संबंध आहे बरं का. तो तरुणपणी सैन्यात असताना मुंबईत बरीच वर्षं होता, १७९३ मध्ये जेन जार्विसशी त्याचं लग्न मुंबईतच झालं. ती तीनच वर्षांत गेली. कोचीनला असताना १७९५ मध्ये त्याने एक मुलगा गुलाम म्हणून विकत घेतला होता, त्याचं नाव ठेवलं जॉर्ज जार्विस, बायकोच्या माहेरचं आडनाव. तो जॉर्ज आयुष्यभर त्याच्याबरोबर राहिला, सिडनीला सुद्धा आला. इथल्या रस्त्यांना, नदीला, विद्यापीठाला, बँकेला सगळ्यांना मॅक्वारीचं नाव. जॉर्जचं मूळ नाव काय होतं देव जाणे. कैखुश्रूचं निदान कागदावर तरी राहिलं.

सागवान_आणि_शिसम

मी फर्निचरवाला, त्यामुळे लाकूड आलं की मला राहवत नाही. सागात तेल असतं, म्हणून पाण्यात कुजत नाही, आकसत-फुगत नाही फारसं. ओकमध्ये आम्ल असतं, त्यात लोखंडी खिळा ठोकला की काही वर्षांनी खिळ्याभोवती काळं पडतं आणि खिळा सैल होतो. सागातला खिळा तसा खात नाही. आमच्या आजोबांच्या वाड्याची दारं सव्वाशे वर्षांची आहेत, बिजागऱ्या बदलल्या पण फळी तीच.

त्यामुळे मुंबईची जहाजं ओकच्या जहाजांच्या मानाने कितीतरी जास्त टिकायची. त्रिंकोमाली नावाची फ्रिगेट १८१७ मध्ये मुंबईत वाडियांनी बांधली, ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय! सई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. कैखुश्रू नाही पण त्याची धाकटी बहीण बघायची असेल तर तिकीट काढा.

शंकासूर

पण मी ऐकलंय की ब्रिटिश खलाशांना साग आवडायचा नाही, तोफगोळा लागला की सागाच्या कुसांच्या जखमा चिघळतात म्हणे. हे खरं का?

सागवान_आणि_शिसम

अशी समजूत होती खरी. पण सागाची कुस माझ्या बोटात आठवड्याला दोन जातात, अजून दहाही बोटं शाबूत आहेत. ओकच मोठ्या लांब ढलप्यांनी फुटतो असं त्यांच्यातलेच काही म्हणायचे. माझं मत: ओकचे व्यापारी आणि तिकडचे गोदीवाले यांना मुंबईचं काम नकोच होतं.

पंत_आमात्य

लाकडावरून आठवलं, आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की...

मालवणी_तिखट

आलं! आलंच! मी वाटच बघत होतो, धाग्यात आरमार आलं की आज्ञापत्र येणार.

पंत_आमात्य

हसा तुम्ही. पण मुद्दा आहे म्हणून सांगतो. तिथे सांगितलंय की आरमाराला साग वगैरे लागेल तो परवानगीने तोडावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. आता ही दृष्टी आणि कंपनीची दृष्टी शेजारी ठेवा. १८०६ मध्ये कंपनीने मलबारच्या जंगलावर कॅप्टन वॉटसन म्हणून अधिकारी नेमला, सागाची मक्तेदारी केली, कशासाठी? जहाजांसाठी. ड्रोमेडरी रसदीच्या कामाला लागली तेच साल.

मालवणी_तिखट

पंत, हे मात्र पटलं. हसलो त्याबद्दल सॉरी. आमच्या गावात अजून होडीचं पठाण (तळाचं मुख्य लाकूड) घालताना झाडाला नारळ देतात.

रिटायर्ड_चीफ

पस्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, इंजिन रूममध्ये. थोडं माझंही ऐका.

पहिलं म्हणजे हे व्यापारी जहाज युद्धाला ओढणं शिडांबरोबर संपलेलं नाही. १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांनी प्रवासी आणि कंटेनरची जहाजं धडाधड ताब्यात घेतली, त्यातलं अटलांटिक कन्व्हेयर हेलिकॉप्टरं, तंबू आणि सुटे भाग घेऊन गेलेलं, २५ मे ला क्षेपणास्त्र लागलं. हेलिकॉप्टरं गेली म्हणून सैनिकांना बर्फगार चिखलातून बेटभर चालत जावं लागलं. म्हणजे बाबूसाहेबांचं म्हणणं तिथेही लागू, रसद बुडाली की लढणाऱ्याच्या पायाला फोड.

दुसरं, शब्द. तुम्ही स्टोअरकीपर म्हणता, आमच्या जुन्या भारतीय क्रूमध्ये त्याला कसाब म्हणत. रंगाचे डबे, दोर, दिवे सगळं त्याच्या ताब्यात, चावी कमरेला. डेकचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल म्हणजे तांडेल, आणि स्वयंपाकी तो भंडारी. हे शब्द शिडाच्या काळातल्या लस्कर, म्हणजे आपल्याकडच्या खलाशांपासून चालत आलेले. कैखुश्रू जोपर्यंत व्यापारी होतं तोपर्यंत त्याच्यावर हीच मंडळी असणार, आपल्या किनाऱ्यावरची जहाजं तीच चालवायची.

आमच्या एका जहाजावर कसाब होता रत्नागिरीकडचा. तीन बोल्ट मागितले तर दोन द्यायचा. चौथ्यांदा गेलो तर म्हणाला, "साब, समुद्रात दुकान नाय." पुढे अर्ध्या महासागरात पंप फुटला तेव्हा त्याने न दिलेले सगळे बोल्ट बाहेर काढले. त्या दिवसापासून मी गप्प.

गोदीतला_बाबू

चीफ, त्या कसाबाला माझा साष्टांग.

आओतेआरोआ_आजी

मी ऑकलंडला असते, नातवंडांच्या मागे. उशिरा लिहितेय पण ड्रोमेडरीचा इकडचा भाग राहिलाच की!

१८२० मध्ये ही ड्रोमेडरी न्यूझीलंडला आली होती, काम काय तर डोलकाठ्यांसाठी झाडं आणणं. नेव्हीच्या डोलकाठ्या बाल्टिक समुद्राकडच्या पाइनच्या, आणि नेपोलियनने तो रस्ता अडवून त्यांना चांगलंच घाबरवलेलं, म्हणून दुसरीकडे शोध चालू होता. मास्टर होता रिचर्ड स्किनर, बरोबर ८४ व्या रेजिमेंटची तुकडी. जहाज जवळजवळ दहा महिने इथे राहिलं. आधी काहिकाटेआ नावाच्या झाडांवर डोळा होता, पण ते लाकूड चालेना. मग व्हांगारोआ बंदरात कौरीची झाडं मिळाली. व्हांगारोआ म्हणजे जिथे १८०९ मध्ये बॉइड जहाज माओरी लोकांनी जाळलं तेच, त्यामुळे पाय जपून टाकावे लागत होते. कौरीचं झाड पाहिलंय का कोणी? खाली पाहावं तिथून वर नजर मान दुखेपर्यंत सरळ खांब, एक फांदी नाही. एवढे लांब ओंडके डेकवरच्या दारातून आत जात नाहीत, त्यामुळे लाकूड वाहणाऱ्या जहाजांना पुढे किंवा मागे पाण्याच्या थोडं वर चौकोनी दारं ठेवायचे, तिथून सरकवायचे आणि नंतर पक्की बुजवून टाकायचे.

आता खरी गंमत. त्याच वर्षी असंच दुसरं जहाज झाडं न्यायला आलं, कोरोमांडेल. ते कलकत्त्यात १७९८ साली 'कुवेरा' नावाने बांधलेलं व्यापारी जहाज (कुबेरच असणार हो!), नेव्हीने घेऊन आधी मलबार केलं, मग रसदीला लावलं, मग नाव कोरोमांडेल. ते ज्या बंदरात थांबलं त्याला जहाजाचं नाव पडलं आणि आज अख्ख्या द्वीपकल्पाला कोरोमांडेल म्हणतात. इकडची मंडळी सुट्टीला जातात तिकडे. मी सगळ्यांना सांगते की हे चोळमंडल आहे, आमच्या पूर्व किनाऱ्याचं नाव, जहाजावर बसून आलंय. कोणी ऐकत नाही, फिश अँड चिप्स खातात.

सिडनीकर_सई

आजी, तुमच्या पोस्टने धाग्याचं सोनं केलं.

शंकासूर

हे कलकत्त्याचं निघालं म्हणून विचारतो. मॅक्वारीबरोबर दुसरं जहाज होतं हिंदोस्तान. त्याचंच पुढे बफेलो झालं ना? न्यूझीलंडला वादळात फुटलं ते?

आओतेआरोआ_आजी

नाही रे बाळा, घोटाळा इथेच होतो. बफेलो म्हणजे १८१३ मध्ये कलकत्त्याला बांधलेलं हिंदोस्तान, त्याच वर्षी नेव्हीने घेतलं, १८३६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचा पहिला गव्हर्नर त्यातून ॲडलेडकडे गेला आणि २८ जुलै १८४० ला इथे व्हिटियांगाला किनाऱ्यावर आपटून फुटलं. त्या किनाऱ्याला अजून बफेलो बीच म्हणतात. मॅक्वारीबरोबरचं हिंदोस्तान वेगळं, १७९९ चं, पण तेही कलकत्त्याचंच, आधीचं नाव ॲडमिरल रेनिअर. त्याचाही शेवटी मालवाहू आणि मग तुरुंग झाला.

दर्यावर्दी

आजींना दंडवत. त्या दुसऱ्या हिंदोस्तानचा कप्तान होता पास्को, तोच ट्रफाल्गारच्या लढाईत ॲडमिरल नेल्सनचा संदेश झेंड्यांनी लावणारा. आणि परतीच्या प्रवासात मे १८१० मध्ये त्याच जहाजाने ब्लायला घेऊन गेला. हो, बाउंटीवाला ब्लाय. एकदा खलाशांनी बंड करून जहाजावरून उतरवलं, मग गव्हर्नर झाला तर २६ जानेवारी १८०८ ला सिडनीच्या सैन्याने बंड करून खुर्चीवरून उतरवलं. बरोबर परत निघालं होतं ते बंडखोर सैन्य! ताफ्यात ड्रोमेडरीही होती.

नाना_पण_फडणवीस_नाही

म्हणजे सोसायटीच्या माजी चेअरमनला आणि त्याला पाडणाऱ्या कमिटीला एकाच बसने लोणावळ्याला पाठवायचं.

अनुस्वार

रच्याकने (बाय द वे), तोफा काढून सामान भरलेल्या जहाजाला फ्रेंचमध्ये 'आँ फ्ल्यूत' म्हणतात. तोफांची भोकं रिकामी राहतात ती बासरीसारखी दिसतात म्हणून.

दर्यावर्दी

गोष्ट गोड आहे, पण डच लोकांचं 'फ्लाउट' नावाचं मालवाहू जहाज होतं, शब्द तिथून आला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

अनुस्वार

मला बासरीच ठेवायची आहे.

हॅमिल्टनवाला

बर्म्युडातून नमस्कार. हो, इथे पण मराठी माणूस आहे, विमा कंपन्यांचे हिशोब तपासतो.

तुमच्या उंटाचा शेवट इथे झाला. १८२६ च्या सुमाराला ड्रोमेडरी इथे आणली, डोलकाठ्या उतरवल्या आणि तिचा तरंगता तुरुंग केला. इंग्लंडहून आणलेले कैदी रात्री जहाजात कोंडायचे आणि दिवसा आयर्लंड आयलंडवर चुनखडीचा दगड फोडून नेव्हीची गोदी बांधायला लावायचे. आजींचं कोरोमांडेल पण इथेच, तेही तुरुंग. न्यूझीलंडला लाकडं न्यायला गेलेली दोघं इथे शेजारी शेजारी कुजली. नाही, कुजली म्हणणं चूक, साग होता ना. ड्रोमेडरी १८६४ मध्ये मोडली, म्हणजे पाण्यात ६५ वर्षं.

मी ऑफिसातून जेटीवर डबा खायला जायचो. ती गोदी आता क्रूझवाल्यांची जागा, आइस्क्रीम, टी-शर्ट. तिथल्या म्युझियममध्ये हल्कवरच्या, म्हणजे अशा तरंगत्या तुरुंगातल्या कैद्यांनी हाडात कोरलेल्या छोट्या छोट्या वस्तू आहेत. जहाज उभं असायचं तिथला समुद्रतळ नंतर खणला तेव्हा बरंच सापडलं, कैदी जे पाण्यात टाकत ते आणि त्यांच्या हातून जे पडलं ते. मी त्या कपाटासमोर दोनदा उभा राहिलो असेन. जहाज मुंबईचं हे आज या धाग्यावर कळलं. उद्या परत जातो.

सागवान_आणि_शिसम

६५ वर्षं! ओकवाल्यांनो ऐकताय का.

रिटायर्ड_चीफ

सई, मुंबईत आठवण उरलीय का हा प्रश्न मागे पडलाय. लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये गोदी झाली, ती अजून आहे, पण नेव्हल डॉकयार्डच्या आत. लायन गेटवरून रोज हजारो लोक जातात, आत काय आहे ते बाहेरच्यांना दिसत नाही. डंकन डॉकमध्ये एकदा कामानिमित्त उतरलो होतो. दगडी पायऱ्या, एकेक पायरी गुडघ्याएवढी. कैखुश्रू बांधलं तेव्हा ती डॉक नव्हती, थोडी नंतरची, पण शेजारचीच. तिथे त्या नावाची पाटी वगैरे मला तरी दिसली नाही. मी पंप बघायला गेलो होतो हेही खरं.

सिडनीकर_सई

सगळ्यांचे मनापासून आभार. मला वाटलेलं चार प्रतिसाद येतील. काकांना सगळा धागा वाचून दाखवला, ते म्हणाले "बघ, विचारावं लागतं." आता ते घरी जाऊन लायन गेटसमोर उभे राहून फोटो काढणार आहेत, आत सोडणार नाहीत हे सांगितलं तरी.

एक सांगायचं राहिलं. माझा लेक दुसरीत आहे, त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या चर्चा ऐकल्या. काल शाळेत गव्हर्नर मॅक्वारीचा धडा होता. बाईंनी विचारलं मॅक्वारी सिडनीला कसा आला, तर याने हात वर करून ठणकावून सांगितलं, "ऑन अ कॅमल, फ्रॉम बॉम्बे." मला शाळेतून ईमेल आलंय.

मालवणी_तिखट

बाईंना या धाग्याची लिंक पाठवा. पोराला पूर्ण मार्क पाहिजेत.

शंकासूर

बॉम्बेहून नाही पण, इंग्लंडहून निघाला होता, मे १८०९, मदेरा-रिओ-केप करत २८ डिसेंबरला पोचला. अर्धा मार्क कापा.

नाना_पण_फडणवीस_नाही

शंकासूरा, उंट बॉम्बेचाच होता ना?